डाव्या हाताची सुरी

“आधी तो गॅस बंद करा!” मी मागच्या दारातून ओरडले, पण माझा आवाज पोहोचायच्या आत भट्टीने पुन्हा एकदा ‘फट्’ केलं आणि ह्यांच्या भुवईतून धुराची बारीक रेघ निघाली.

केस जळल्याचा वास अंगणभर पसरला. ह्यांनी शांतपणे व्हॉल्व्ह फिरवला, रुमालाने भुवई चोळली आणि रुमालाकडे बघत म्हणाले, “जोर कमी पडतोय गॅसचा. जाळ उलटा पाइपात शिरतो.”

“अर्धी भुवई गेली तुमची!”

“भुवई येते परत.”

उलट्या बादलीवर बसलेला वेल्डर खदखदून हसला. हा ह्यांचा जुना मित्र. सगळी गल्ली त्याला ठिणगी म्हणायची, कारण त्याचा एकही सदरा ठिणग्यांच्या भोकांवाचून नव्हता. “राहू द्या हो वहिनी,” तो म्हणाला. “मास्तरांना आता कोण बघायला येणार आहे? एका भुवईवर भागेल.”

पायरीवर बसलेली आमची मुलगीही हसली. “बाबा, दुसरीही जाळून टाका. निदान जोडी तरी जमेल.”

ती हसायला लागली की सगळ्या अंगाने हसायची, लहानपणापासून. त्या दिवशीही खांदे, मान, वेणी, सगळं हललं. फक्त डावा हात हलला नाही. तो तिने मांडीवर ठेवला होता, कोणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा.

त्या हातासाठीच हा सगळा खटाटोप चालला होता.

आमचे हे शेगड्या दुरुस्त करायचे. घरोघरच्याही करत, पण खरं काम हॉटेलं, वसतिगृहं, इस्पितळं अशा ठिकाणच्या मोठ्या स्वयंपाकघरांत. तिथे गेले की आधी कशालाही हात लावायचे नाहीत. सगळे बर्नर पेटवायला सांगायचे आणि मान खाली घालून नुसते ऐकत उभे राहायचे. मग म्हणायचे, “कोपऱ्यातला रडतोय. त्याच्यावर भांडं कुठलं ठेवता, ते आणा.” लोकांना वाटायचं, शेगडी बिघडली तर ह्याला भांडं कशाला हवंय? पण ह्यांचं एक ठाम मत होतं, आणि ते मत म्हणजेच ह्यांचा सगळा धंदा होता: कुठलाही भाग आपण होऊन बिघडत नाही. त्याला दुसरं काहीतरी बिघडवत असतं. ते शोधा आणि काढा, भाग आपोआप सुधारतो.

हे मत घरातही चालायचं. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी तेल चोळत बसले होते. हे आले, मला स्वयंपाक करताना बाजूने पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्याखाली विटांचा एक थर घालून ओटा उंच केला. मी खूप कटकट केली. आणि पंचाईत अशी की गुडघा बरा झाला. त्यानंतर ह्यांच्या मताला घरात विरोध उरला नाही.

मुलीला स्वयंपाकघरांचं वेड लागलं ते ह्यांच्यामुळेच. लहानपणी सुटीत ह्यांच्याबरोबर जायची. हे शेगडीखाली आडवे, आणि ही तिकडे ओट्याशी टाचा उंचावून कापणाऱ्यांचे हात बघत उभी. पुढे शिकली आणि मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली ती कापणीवरच. दिवसभर कापायचं. गाजरं, काकड्या, कांदे, मासे, फळं. आमच्या घरात कांदा चिरताना न रडणारी ती एकटीच. तिचा संसार झाला आणि मोडलाही, पण त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती कामावर गेली होती. “कांदे थांबत नाहीत, आई,” म्हणाली होती.

ती डावरी होती. शाळेत मारूनमुटकून उजव्या हाताने लिहायला शिकवलं तिला, पण सुरी मात्र डाव्याच हातात राहिली. कामावर तिचं नावच डावरी पडलं. फोनवर मलासुद्धा म्हणायची, “डावरी बोलतेय. जेवलीस का?”

तिच्या कामावरच्या त्या पातळ काप काढायच्या सुऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांना एकाच बाजूने धार लावलेली असते, दुसरी बाजू सपाट. उजव्या हाताच्या माणसाला ती सुरी सरळ खाली जाते. डाव्या हातात धरली की ती आत ओढते, आणि काप एकीकडे जाड, एकीकडे पातळ पडतो. म्हणून आमची डावरी अंगठा पात्याच्या कुशीला टेकवून, पातं बाहेर रेटत कापायची. तिचे काप सगळ्यांत सारखे. अंगठ्यावर मात्र घट्टा पडला होता, जनावराच्या खुरासारखा. ती तो अभिमानाने दाखवायची.

मग एके दिवशी अर्ध्या गाजरातच सुरी तिच्या हातातून पडली. हात ओला असेल म्हणून तिने पुसला. परत पडली. काही दिवसांनी बरणीचं झाकण उघडेना. मग अंगठा आणि बोटाच्या मधली ती गुबगुबीत जागा असते ना, ती बसायला लागली, उशीतला कापूस दबत जावा तशी.

डॉक्टरांनी त्या खळग्यावरून बोट फिरवलं. सुया लावून तपासण्या केल्या. मग आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की हा नसांचा आजार आहे, हातापासून सुरू झालाय, हळूहळू सगळीकडे पसरतो, आणि थांबवणारं औषध नाही. चांगला माणूस होता. शब्द जपून वापरत होता.

“हळूहळू म्हणजे किती हळू?” डावरीने विचारलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ते प्रत्येकाचं वेगळं असतं,” म्हणाले.

आम्ही घरी आलो. आल्याबरोबर ह्यांनी मुलीच्या पिशवीतून तिची सुरी काढली, स्वतःच्या डाव्या हातात धरली आणि माझ्या टोपलीतली काकडी कापायला लागले. दोन काप काढले आणि थांबले.

“बघ,” मला म्हणाले. “ओढतेय की नाही आत? अंगठा लावल्याशिवाय सरळ जातच नाही. इतकी वर्षं हिने अंगठ्याने पातं रेटलंय. आणि गेला कोण पहिला? अंगठा. तोही डावाच. आजार अंगातला असता तर त्याला बरोबर डावा अंगठाच कसा सापडला?”

“अहो, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

“डॉक्टरांनी हात बघितला. सुरी कुठे बघितली?”

मी मुलीकडे पाहिलं. ती बापाच्या हातातल्या सुरीकडे बघत होती.

“हिच्या हाताची सुरी मी करतो,” हे म्हणाले. “अंगठ्यावरचा भार निघाला की हात सावरेल. वेळ लागेल. पण सावरेल.”

“बाजारात मिळत असतील की डाव्या हाताच्या,” मी म्हटलं.

“मिळतात. डाव्या हातांच्या. हिच्या डाव्या हाताची नाही मिळत.”

हे बाहेर गेल्यावर मी डावरीच्या शेजारी बसले. तीच म्हणाली, “करू दे गं त्यांना, आई. नाहीतर ते काय करतील? खुर्चीत बसून माझ्याकडे बघत राहतील, ते मला नाही सोसायचं.” मग, जरा लाजल्यासारखी, “आणि मला हवीच आहे. एकदा तरी सरळ खाली जाणारी सुरी धरायचीय. हात आहे तोवर.”

तर अशी ती भट्टी. लोखंड तापवायला कोळसा नको, धूर नको. गॅसवर करायची, कारण जाळ हा ह्यांचा धंदा. ठिणगीने एका मोडीत निघालेल्या कॉम्प्रेसरची हवेची टाकी आणून तिची दोन्ही टोकं कापून दिली. आतून भट्टीची पांढरी, जाळात न जळणारी लोकर लावायची होती. ती लावताना हे तोंडाला फडकं बांधून बसले आणि मला जवळ येऊ देईनात. लोकरीवर अग्निमातीचा लेप, हाताने थापून, बोट पाण्यात बुडवून गुळगुळीत केलेला. मी म्हटलं, “माझ्या स्वयंपाकघराला एवढ्या प्रेमाने कधी रंग नाही दिलात.” तर म्हणतात, “तुझं स्वयंपाकघर कुठे एवढं तापतं?”

“ते तापायचं काम वहिनी करतात,” ठिणगी म्हणाला.

बर्नर ह्यांनी स्वतःच जुळवला. एक लोखंडी पाइप, मागे हवा ओढायला भोकं, आत गॅस सोडणारं पितळी जेट. आयुष्यभर हे जाळ लहान करत आले, निळा, शहाणा, भांड्याच्या बुडापुरता. आता पहिल्यांदा मोठा जाळ हवा होता, आणि तो ह्यांचं ऐकेना. कधी पिवळा पडायचा, कधी फुरफुरायचा, कधी उलटा पाइपात शिरून ‘फट्’. त्यातच ती भुवई गेली. हे जेट बदलत राहिले, भोकं लहानमोठी करत राहिले. मुलगी पायरीवर बसून ओरडायची, “बाबा, पिवळा!” जसं काही ह्यांना दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी, उन्हं उतरलेली असताना, भट्टीचा आवाज बदलला. फुरफुर थांबली आणि एकसारखा, खोल, घुमणारा आवाज यायला लागला. तोंडातून निळी जीभ बाहेर आली. आतली पांढरी भिंत आधी गुलाबी, मग नारिंगी झाली आणि शेवटी इतकी उजळ, की भिंत कुठे संपते आणि उजेड कुठे सुरू होतो ते कळेना. हे मान खाली घालून ऐकत उभे राहिले. मी ह्यांना तसं उभ्याने ऐकताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण हसताना कधी नाही.

“आता रडत नाही ना?” डावरीने विचारलं.

“गातोय,” हे म्हणाले.

मला कबूल केलं पाहिजे, त्या क्षणी माझाही विश्वास बसला. उजेडच तसा होता. माणूस एवढं करू शकतो तर एक अंगठा काय मोठा, असं वाटलं.

पोलाद मोटारीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्याचं होतं. ते तापवायचं, ऐरणीवर ठोकायचं, परत तापवायचं. ठिणगी सांडशीने धरायचा, हे ठोकायचे. बेताचं तापलं की नाही ते बघायला ह्यांनी एका तारेला चुंबक बांधलं होतं. पोलाद योग्य तेवढं लाल झालं की चुंबक त्याला चिकटत नाही, घसरून जातं. मग ते तेलात बुडवून पाणी पाजायचं. तेलात बुडवून पाणी पाजतात, हे ऐकून मला हसू आलं होतं. पण कठीण होतं ते पोलाद त्यानेच.

पहिली सुरी झाली. मी पाहिली तेव्हा मला तिच्यात काही खोट दिसेना. ह्यांनी मात्र ती डोळ्यासमोर आडवी धरून एक डोळा मिटला आणि ह्यांचा चेहरा उतरला. टोकाशी ती किंचित वाकली होती. नखाच्या जाडीएवढी.

“द्या की तिला,” मी म्हटलं. “तेवढ्याने काय होतंय?”

“वाकडी सुरी? परत वाकडीच सुरी द्यायची हिच्या हातात?”

“अहो, ती वाट बघतेय.”

“म्हणूनच.”

आणि ह्यांनी ती सुरी शेगड्यांच्या कामाच्या शिकंज्यात आवळली, वरून फडकं टाकलं आणि हातोडीचा एक घाव घातला. कटकन दोन तुकडे झाले. हे मोडलेली कड उन्हात धरून बघत होते. “ये, बघ,” मला म्हणाले, जसं काही मला दाखवायलाच मोडली होती. “आतला दाणा बघ. साखरेसारखा. जास्त तापलं. दाणा राखेसारखा बारीक पाहिजे, तर धार टिकते. आतून न बघता कसं कळणार?”

कारागिराचं हे असं असतं. चांगलं झालंय की नाही ते बघण्यासाठी ते मोडून बघतात.

पायरीवरून आवाज आला, “बाबा, माझी होती ती.”

हे वळले. ती रागावलेली नव्हती. नुसतं सांगत होती.

“दुसरी चांगली होईल, बाळा,” हे म्हणाले. “घाईची सुरी तुझ्या हाताला नको. हात कसा आहे?”

“आहे तसाच,” ती म्हणाली आणि ओढणीचा पदर हातावर ओढून घेतला.

आहे तसा तो नव्हता. ते मला ठाऊक होतं, कारण एव्हाना ती आमच्याकडेच राहायला आली होती आणि तिची बटणं मी लावत होते, वेणी मी घालत होते. करंगळीही आता वळायची नाही. एकदा स्वयंपाकघरात मी वळून पाहिलं तर ती उजव्या हाताने बटाटा सोलत होती, जीभ बाहेर काढून, पहिलीतल्या मुलीसारखी. मी पाहिलंय हे कळल्यावर म्हणाली, “बाबांना सांगू नकोस हं. घाई करतील आणि हात भाजून घेतील. नाहीतर सोडून देतील.”

“सोडून दिलं तर बरं नाही का?”

“नाही. रोज सकाळी ते भट्टी पेटवतात ना, तेव्हा मला उठावंसं वाटतं.”

दुसरी सुरी जास्त चांगली झाली होती. सरळ, बारीक दाण्याची. हे म्हणायचे, ह्या वेळी दाणा मोडून नाही, जाळातल्या रंगावरून ओळखतो. तेलात घातली तेव्हा आम्ही सगळेच तिथे होतो. तेल उसळलं, धूर आला, आणि त्या धुरातून एक अगदी बारीक, गोड आवाज आला. ‘टिंग्.’ कुणीतरी पेल्यावर नख मारावं तसा.

मला वाटलं, हा सुरी झाल्याचा आवाज. मी हसून डावरीकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते. ठिणगीने पायाने मातीत रेघ ओढली.

“काय झालं?” मी विचारलं.

“तडकली,” ठिणगी म्हणाला. “तो आवाज आला की संपलं, वहिनी.”

ह्यांनी सुरी तेलातून काढली, पुसली. मधोमध केसाएवढी चीर होती. ह्यावेळी मोडून बघायची गरज नव्हती. ह्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली, भट्टी बंद केली आणि घरात जाऊन आडवे झाले. दिवसाढवळ्या आडवे होणारा माणूस नव्हे हा.

मी पाणी घेऊन गेले तर छताकडे बघत होते. “उशीर होतोय का गं?” म्हणाले.

मुलीने सांगू नकोस म्हटलेलं माझ्या ओठाशी आलं होतं. तेवढ्यात दारात तीच येऊन उभी राहिली.

“बाबा, बटाट्याचे पापुद्रे काढायला बसवलं की आमचा उस्ताद काय म्हणायचा माहितीये? पहिले दोन बटाटे देवाचे. तिसऱ्यापासून हात बसतो.”

“खरंच म्हणायचा?”

“म्हणायचा,” ती म्हणाली. मला शंका आहे. तिच्या उस्तादाच्या तोंडी तिने बरंच काही घातलं होतं.

तिसरी सुरी झाली. मी तिचं वर्णन करत बसत नाही. एवढंच सांगते की पाणी पाजल्यावर हे आणि ठिणगी दोघेही तेलाच्या डब्यावर कान लावून बसले होते आणि काहीच आवाज आला नाही. कडकपणा थोडा उतरवायला ती माझ्या केक भाजायच्या ओव्हनमध्ये ठेवली, आणि हे काचेसमोर स्टूल टाकून बसले. पातं वाळलेल्या गवताच्या रंगाचं झालं तसं बाहेर काढलं. मग धार. डाव्या हाताच्या माणसासाठी, दुसऱ्या बाजूने. मूठ लाकडाची, घासून घासून लोण्यासारखी मऊ, आणि अंगठ्याला पात्याकडे जायचं कारणच पडू नये अशी.

सकाळी मुलगी ओट्याशी बसली होती. ह्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. ठिणगीलाही बोलावलं होतं; तोही आला तो बिनभोकाचा सदरा घालून. म्हणजे होता त्याच्याकडे एक. ह्यांनी फडक्यातून सुरी काढली आणि मूठ तिच्याकडे करून, तिच्या डाव्या बाजूला, पुढे केली.

तिने खाली पाहिलं. मग ओढणी बाजूला केली आणि डावा हात उजव्या हाताने उचलून ओट्यावर ठेवला. बोटं अर्धवट मिटलेली होती, ती तशीच राहिली. तिने प्रयत्न केला असावा, कारण तिच्या मानेची शीर ताठली. बोटं हलली नाहीत.

हे सुरी पुढे धरूनच उभे होते.

“कधीपासून?” ह्यांनी विचारलं.

“थोडे दिवस झाले.”

“तू म्हणायचीस, आहे तसाच.”

“हो.”

मग तिने उजवा हात पुढे केला आणि बापाच्या हातातून सुरी घेतली. तोलून पाहिली. समोर सफरचंद होतं, तेच घेतलं. डाव्या मनगटाने ते दाबून धरलं आणि उजव्या हाताने सुरी खाली आणली. पातं काय सुरेख शिरलं आत! आवाजसुद्धा नाही. पण शिरलं आणि आत ओढलं. काप खाली पडला तो एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखा.

ह्यांनी तो काप उचलून हातात घेतला.

“अहो बाबा,” ती म्हणाली आणि हसायला लागली, खरंखुरं, खांदे हलवून, “मला सवयच आहे की! जन्मभर उलट्याच सुरीने कापत आले. आता ही उजव्या हाताला उलटी, एवढंच.” आणि उजव्या हाताचा अंगठा तिने पात्याच्या कुशीला लावला, पातं बाहेर रेटलं, आणि दुसरा काप काढला. तो पहिल्याहून सरळ पडला. “पोलाद कसलं आहे, बाबा! हॉटेलात अशी एक सुरी नव्हती. आई, बघ तरी.”

“अंगठा काढ,” हे म्हणाले. आवाज चढला होता. “अंगठा काढ तो पात्यावरून!”

तिने काढला.

त्या सफरचंदाचे वेडेवाकडे काप आम्ही चौघांनी खाल्ले. ठिणगी खाता खाता उठला आणि नाक शिंकरायला बाहेर गेला. ह्यांनी आपला वाटा संपवला, आणि शेवटचा घास गिळून होतो न होतो तोच म्हणाले, “उजव्या हाताची करतो. आता हात बसलाय माझा. वेळ नाही लागायचा. अंगठ्याला काम पडू द्यायचं नाही ह्या वेळी, पहिल्यापासून.”

मी काहीतरी म्हणणार होते. डावरीने माझ्या पायावर पाय ठेवला.

“करा,” ती म्हणाली.

“मूठ ह्या वेळी अंदाजाने नको. तुझ्या पकडीचाच ठसा घेतो.”

अग्निमाती थोडी उरली होती. ह्यांनी ती पाण्याने मळली, चांगली लुसलुशीत केली, आणि तिचा लांबट गोळा करून तिच्या उजव्या तळव्यावर ठेवला. पुन्हा पूर्वीसारखे झाले होते. हालचालीत घाई नव्हती. “आता सुरी धरल्यासारखी धर,” म्हणाले. “सगळा जोर लाव. कापताना लावतेस तेवढा.”

तिने मूठ आवळली. कपाळावर आठी आली, खालचा ओठ दातांत गेला. बऱ्याच वेळाने तिने बोटं उघडली आणि गोळा बापाच्या हातात दिला.

हे तो खिडकीशी घेऊन गेले. उजेडात धरला. चारही बोटांच्या खळग्या स्पष्ट होत्या, अगदी पेरांच्या रेषांसकट. ह्यांनी गोळा फिरवला आणि अंगठ्याची बाजू वर केली. तिथे माती जवळजवळ सपाट होती. नुसता एक पुसट, ओला डाग, कुणी सहज बोट टेकवून काढून घ्यावं तसा.

ह्यांनी गोळा पुन्हा फिरवला. पुन्हा पाहिला. आजचा तो एक काप सोडला तर ह्या अंगठ्याने कधी कुठलं पातं रेटलं नव्हतं.

“आला का नीट?” डावरीने ओट्यापासून विचारलं.

हे पाठमोरे होते. मी बाजूने पाहत होते, म्हणून मला दिसलं. तिला दिसलं नसेल. ह्यांनी आपला अंगठा त्या सपाट जागेवर ठेवला आणि हळूच, मातीला कळू नये इतक्या हळू, दाबला. चांगली खोल खळगी पडेपर्यंत दाबून धरला.

“आलाय,” हे म्हणाले. “छान आलाय.”

आणि बाहेर जाऊन भट्टीशेजारच्या फळीवर, ऊन येतं त्या बाजूला, गोळा वाळत ठेवला.